परळच्या खोलीतून एकवीस किलोमीटर

गळीत हंगाम ऐन भरात असताना सभासदाने उभा फड सोडून मुंबईला पळायला जावे, ही गोष्ट कोणालाही पटण्यासारखी नाही. आमच्या घरीही ती पटली नव्हती. २०२४ च्या जानेवारीतली ही हकीकत आहे. मुंबईच्या मॅरेथॉन शर्यतीत अर्ध्या पल्ल्यासाठी, म्हणजे एकवीस किलोमीटरला, आमचे आणि पुतण्याचे नाव लागले होते. शर्यत रविवार, दि. २१ जानेवारीला. आणि नेमकी शुक्रवारी सकाळी चिटबॉयची मोटारसायकल दारात! तोडणी टोळी आली होती. आडसालीचा एक एकर ८६०३२, अठरा महिने पोसलेला. आता ही पाळी चुकवली तर पुन्हा कधी येईल, हे सभासदांना सांगायला नको.

आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्ही जावा. फड मी बघते. तुम्ही हितं असून तरी काय, बांधावर बसून मोळ्याच मोजणार." हे बोलणे लागले, पण खरे होते.

टोळी बीड जिल्ह्यातली, आष्टी तालुक्याकडची. आम्ही पळायला चाललो हे कळल्यावर मुकादमाने कोयता खाली ठेवला. "आमच्याकडचा साबळे म्हाईत हाय का?" म्हणाला. माहीत नसायला काय झाले? अविनाश साबळे हा आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. २०२० साली दिल्लीला त्याने हेच एकवीस किलोमीटर एक तास तीस सेकंदात काढले, आणि तो त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम ठरला. आपल्या जिल्ह्यातल्या मोहीची, माण तालुक्यातली ललिता बाबर तर याच मुंबईच्या शर्यतीत २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे भारतीय महिलांत पहिली आली, आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. माण आणि आष्टी, दोन्ही दुष्काळी मुलूख. पाटाचे पाणी असलेल्या आमच्या भागात मात्र सकाळी रस्त्याने पळणारा दिसला की लोक विचारतात, "कुणाचं काय झालं?"

घरात सर्वांत मोलाचे बोलले ते आबा. आबांचे वय शहाऐंशी. १९५८ साली मुंबईला गेले, परळच्या एका गिरणीत आधी बदली आणि मग कायम, साच्यावर पंचवीस वर्षे. शर्यतीसाठी आधी पैसे भरावे लागतात, हे ऐकून त्यांनी चष्मा पुसला. "पैसे भरून पळायला चाललाय व्हय? आम्ही फुकट पळायचो. भोंगा झाला की." भोंगा वाजल्यावर फाटक बंद होई आणि त्या दिवसाचा रोज बुडे. थोडे थांबून त्यांनी एकच काम सांगितले : "खोली बघून या."

शुक्रवारी रात्री कराडला महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली आणि शनिवारी सकाळी दादरला उतरलो. वांद्रे-कुर्ला संकुलात जाऊन छातीवर लावायचे नंबर घेतले आणि दुपारी परळला आलो.

ही खोली म्हणजे आमच्या गावची खोली. नव्या सभासदांना कल्पना नसेल म्हणून सांगतो. गिरणगावात गावोगावच्या मंडळींनी चाळीत अशा खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. दहा बाय बाराच्या एका खोलीत आबांच्या वेळी तीस माणसे राहत. एक पाळी कामावर गेली की तिच्या जागेवर दुसरी पाळी आडवी व्हायची. अंथरूण थंड होत नसे. खुंटीला ट्रंकेची किल्ली, भिंतीवर देव, आणि जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशेबावर. या खानावळी चालवणाऱ्या बाया बहुतेक कामगारांच्याच घरच्या. सावकाराच्या व्याजातून त्या सुटाव्यात म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले.

दर महिन्याला या खोलीतून गावाकडे मनिऑर्डरी निघत. आपल्या कारखान्याचा आमच्या घरातला पहिला शेअर आबांनी गिरणीच्या दिवाळी बोनसातून घेतलेला आहे. कारखान्याचे जुने शेअर-रजिस्टर काढून पाहिले तर अशी घरे पुष्कळ निघतील. विहिरीचे बांधकाम, पहिली मोटर, बैलजोडी, यातले बरेचसे परळच्या घामाचे आहे. पुढे १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. आबा वर्षभर वाट पाहून १९८३ साली ट्रंक घेऊन गावी आले, ते कायमचेच. तेव्हा घरात खायला जे होते, ते उसाच्या बिलाचे होते.

आम्ही शाळेत असताना मे महिन्यात या खोलीवर राहिलेलो. त्यामुळे जिना पायांना आठवला, पण आजूबाजूचे काही ओळखू येईना. धुराड्यांच्या जागी पन्नास-साठ मजली मनोरे. पूर्वी वर बघून धूर दिसायचा, आता मान दुखते.

खोलीत सात-आठ जण होते. दोघे रुग्णालयात वॉर्डबॉय, काही पोरे मोटारसायकलवरून घरपोच जेवण पोचवणारी. आणि कोपऱ्यात शेजारच्या गावचे एक सभासद. त्यांच्या मंडळींवर टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार चालू होते. तीन आठवडे झाले होते. आमच्या छातीवरच्या नंबराबद्दल त्यांनी काही विचारले नाही. पहिला प्रश्न, "औंदा रिकव्हरी काय पडतीय?" दुसरा, "आमच्या शिवारात टोळी आली का?" त्यांचा ऊस तुऱ्यावर आला होता आणि बघायला घरी कोणी नव्हते. पुतण्याने तिथूनच फोन लावून गटाच्या मदतनिसाला सांगितले. माणूस जरा सैल झाला.

खोलीचा आता प्रश्न आहे. चाळ पाडून मनोरा बांधायचे घाटते आहे. गावच्या मंडळापुढे दोन गोष्टी आहेत : पैसे घेऊन मोकळे व्हायचे, की नव्या इमारतीत खोली मागायची? पैसे घ्यावेत, देवळाचा सभामंडप होईल, असे म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. तेव्हापासून दोन बैठका झाल्या, निर्णय नाही. आमचे मत आम्ही बैठकीत सांगितले आहे आणि इथेही सांगतो : खोली ठेवावी. टाटा आणि केईएम ही दोन्ही रुग्णालये तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आजारी माणसाबरोबर मुंबईत महिनाभर राहायला काय लागते, ते ज्याच्यावर वेळ आली त्याला विचारावे. सभामंडप गावात वर्गणीनेही होतो.

त्या रात्री झोप कशी ती नाही. साडेतीनला त्या सभासदांनीच उठवले. त्यांनी स्टोव्हवर चहा टाकला होता. चार वाजता नळ आला आणि चाळभर बादल्या वाजू लागल्या. आम्ही टॅक्सीने माहीमच्या रेतीबंदराला गेलो.

शर्यतीचे वर्णन फार करत नाही. पहाटे पाचच्या सुमारास, अंधारातच हजारो माणसे एकदम निघाली. बैलपोळ्याला वेस सुटते तसे. थोड्याच वेळात वांद्रे-वरळी सागरी सेतू लागला. या पुलावर एरवी पायी माणसाला मज्जाव. खाली काळे पाणी आणि गार वारा. आमची चूक इथे झाली : वाऱ्याच्या आणि गर्दीच्या भरात पहिले सहा किलोमीटर आवाक्याबाहेर पळालो. पुतण्या साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात सराव केलेला; त्याने बजावले होते, "काका, पहिली निम्मी शर्यत झोपेत पळायची." ऐकले नाही. हाजीअलीपर्यंत ठीक. पेडर रोडचा चढ आला आणि मांड्या दगड झाल्या. शेतात दिवसभर राबणाऱ्याला पळणे सोपे जाईल हा आमचा गैरसमज होता. राबणे वेगळे, दमाने पळणे वेगळे. त्याला चार महिने आठवड्यातून तीन-चार दिवस पाय मोजून टाकावे लागतात. पोरांनी हे ध्यानात ठेवावे, आणि नवे बूट घालून शर्यतीला जाऊ नये. आमच्या डाव्या अंगठ्याचे नख त्यातच गेले.

चढ चालतच काढला. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी संत्र्याची फोड हातात ठेवली, "चल, उतार आलाच" म्हणाल्या. उतार खरेच आला, आणि उजाडता उजाडता गिरगाव चौपाटी. लालबाग-परळचे गणपती अनंत चतुर्दशीला याच चौपाटीवर येतात. आबा दरवर्षी परळपासून इथवर नाचत यायचे आणि रात्री चालत परत जाऊन सकाळची पाळी धरायचे. ते आठवून आम्ही पुन्हा पळू लागलो. मरीन ड्राइव्ह सरता सरत नव्हता, पण सरला. आम्हाला दोन तास चौतीस मिनिटे लागली. पुतण्या पाऊण तास आधी पोचून आझाद मैदानात केळे खात बसला होता.

फोन उघडला तर कारखान्याचा संदेश : तिसरी खेप, वजन १९ टन ३६० किलो. खाली सौ.चा एक शब्द : "झालं." कोणाचे झाले ते लिहिले नव्हते.

गिरगावात मिसळ खाल्ली, लालबागच्या चिवडा गल्लीतून आबांसाठी दोन किलो चिवडा घेतला, आणि खोलीवर जाऊन सामान उचलले. शेजारगावचे सभासद हॉस्पिटलात गेले होते. त्यांच्या उशाशी एक पुडा ठेवून आलो.

सोमवारी पहाटे घरी पोचलो तेव्हा आबा जागेच होते. पदक दाखवले. त्यांनी ते हातात तोलून बाजूला ठेवले.

"खोलीत नळ अजून चारलाच येतो?"

"चारलाच," आम्ही म्हणालो.

"मग बरं हाय," म्हणाले, आणि चिवड्याचा पुडा जवळ ओढला.