सुईचे टोक कोठे आहे?

१९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने कोपराजवळील शिरेतून एक बारीक नळी स्वतःच्याच शरीरात सरकविली आणि तशाच स्थितीत जिना उतरून क्ष-किरणांची खोली गाठली. नळी हृदयापर्यंत पोहोचल्याचे छायाचित्र त्याने घेतले. नोबेल पारितोषिकासाठी मात्र १९५६ साल उजाडावे लागले!

आम्हांस त्या साहसाइतकेच त्या छायाचित्राचेही महत्त्व वाटते. नळी आत घालणे निराळे आणि ती कोठे आहे हे जाणणे निराळे. १९७७ साली झुरिच येथे ग्रुंट्झिग यांनी हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद केली. आज अशा फुग्याच्या नळीवर प्लॅटिनमसारख्या जड धातूची इवलीशी कडी बसविलेली असतात. प्लॅस्टिकमधून क्ष-किरण सहज निसटतात, धातू त्यांना अडवितो. पडद्यावर दिसणाऱ्या त्या ठिपक्यांवरून फुगा नेमका कोठे आहे हे डॉक्टर ठरवितात.

परंतु या दर्शनाची किंमत रुग्णाबरोबर डॉक्टरांचे शरीरही मोजते. शिशाचे जड आवरण अंगावर घेऊन तासन्‌तास उभे राहणे हा काही सुखाचा धंदा नव्हे. म्हणूनच सुईच्या टोकात सूक्ष्म वेटोळे बसवून, चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने तिचा माग काढण्याची पद्धत आली. आधी घेतलेल्या सी.टी. चित्रावर सुईचे टोक सरकताना दिसते; त्या मागासाठी क्ष-किरणांचा मारा सतत चालू ठेवावा लागत नाही.

तथापि, जवळपासच्या धातूने हे क्षेत्र विस्कटते. शिवाय यकृत श्वासागणिक हलते. ठिपका आताचा, चित्र मघाचे. मांडवीच्या मुखावरील वाळू सरकल्यावर जुन्या खुणांवर विसंबणाऱ्या तांडेलाची गत काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. यंत्राबरोबर जाणता हात हवाच.

आणि परवडणारी सुईही हवी. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीस मर्यादा घातली. त्याच उपचारात लागणाऱ्या फुग्याला व कॅथेटरला त्या आदेशाने हात लावला नव्हता. यंत्र एकदाच विकत घेतले जाते, एकवार वापराची सुई मात्र दर रुग्णामागे लागते. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयासाठी असे यंत्र घ्यावयाचे ठरल्यास सुयांचा दर आणि डॉक्टरांचे प्रशिक्षण ही दोन्ही कलमे खरेदीच्या करारातच लिहून घ्यावीत, अशी आमची आरोग्यखात्यास सूचना आहे.