मूठ घ्यावी पारखून

पावसाला मराठीत नावे थोडीथोडकी नाहीत. भुरभुर, झिमझिम, रिपरिप, सर, झड, मुसळधार. शिवाय थेंबही न पडता एखादी वस्तू ओलसर झाली की ती ‘सादळली’ असे आपण म्हणतो. कॅमेऱ्याच्या दुकानात मात्र या साऱ्यांवर मिळून एकच शब्द आहे : ‘वेदर-सील्ड’. दुकानदार तो अशा थाटात उच्चारतो की गिऱ्हाइकाला वाटावे, कॅमेरा गळ्यात अडकवून आता खुशाल धबधब्याखाली उभे राहावे! पण शिंतोडे सोसणे निराळे आणि पाण्यात बुडूनही कोरडे राहणे निराळे. बॅटरी ग्रिप घेताना हा भेद ज्याने ओळखला नाही, त्याला चाट केवळ ग्रिपच्या किमतीची बसेल असे नाही. कॅमेराही हातचा जाऊ शकतो.

ज्यांच्या घरी हे प्रकरण अजून आलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डीएसएलआर कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉड लावण्यासाठी पाव इंची स्क्रूचे भोक असते. त्याच भोकात स्क्रू आवळून ही जाडजूड मूठ कॅमेऱ्याखाली बसवायची. तिच्यात जादा बॅटरी मावते, आणि उभा फोटो काढताना कोपर आभाळाकडे न नेता बोट सहज पोचेल असे दुसरे बटणही तिच्यावर असते. काही कॅमेऱ्यांचा वेगही तिच्यामुळे वाढतो. निकॉनचा डी-८५० एरवी सेकंदाला ७ फोटो घेतो. ग्रिप आणि तिच्यात मोठी बॅटरी घातली की ९ घेतो.

मुंज, बारसे आणि वर्षाकाठी एखादी सहल एवढाच ज्यांचा फोटोंचा संसार आहे, त्यांनी या फंदात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. निकॉनच्या डी-७२०० ची एक बॅटरी ठरावीक चाचणीत १,११० फोटो पुरते. तेवढ्यात मुंजच काय, मुलाचे लग्नही उरकेल! खिशात एक जादा बॅटरी ठेवली की झाले.

माझ्या भाचीची गोष्ट वेगळी. ती लग्नांचे फोटो काढून पोट भरते, आणि आषाढात स्वतःच्या हौसेने वारीबरोबर चालते. दिवे घाट चढताना पाऊस कधी गाठेल याचा नेम नाही, मुक्कामी बॅटरी भरायला जागा मिळेल याचाही नाही. तिच्या डी-७२०० ची कंपनीची ग्रिप टॉर्चच्या 6 पेन्सिल सेलांवरही चालते, आणि ते सेल वाटेवरच्या कुठल्याही दुकानात मिळतात. दुकानदाराने तिच्यापुढे कंपनीच्या मानाने कितीतरी स्वस्त असलेली दुसरी एक ग्रिप ठेवली आणि ‘ही पण वेदर-सील्डच’ म्हणून छातीठोकपणे सांगितले. कॅमेरा बिघडला तर पुढच्या लग्नसराईची कमाई बुडणार, तेव्हा नुसत्या शब्दावर विसंबून चालणार नव्हते.

अशा वेळी ग्रिप कॅमेऱ्याला कशी जोडली जाते हे आधी पाहावे. कॅननच्या ५डी मार्क थ्री किंवा ७डी मार्क टू या कॅमेऱ्यांत बॅटरीचे दारच काढून ठेवावे लागते आणि ग्रिपची लांब जीभ त्या पोकळीत शिरते. म्हणजे कंपनीने मेहनतीने बंद केलेले दार आपण स्वतः उखडतो. आता पाणी अडवायचे ते ग्रिपनेच. तिथे सांधा कच्चा असेल तर पाणी थेट पोटात. निकॉनच्या डी-७२०० किंवा डी-८१० मध्ये बॅटरी आणि तिचे दार जागच्या जागी राहते. तळाचे छोटे रबरी टोपण तेवढे काढून तिथल्या तारांच्या टोकांशी ग्रिप जुळते. धोका कमी, पण नाही असे नव्हे. शिवाय आतली बॅटरी संपली तर भर पावसात ग्रिप सोडवावी लागते. म्हणून बॅटरीचा क्रम ‘आधी ग्रिपची’ असा लावून ठेवावा.

मग ग्रिप हातात घेऊन बॅटरीचा कप्पा उघडावा. गृहिणींना प्रेशर कुकरची रिंग ठाऊक आहे. रिंगेवर भाताचे एक शीत चिकटले तरी वाफ फुसफुसत बाहेर पडते. इथेही तोच न्याय. कप्प्याच्या कडेने आणि कॅमेऱ्याला टेकणाऱ्या टोकांभोवती अखंड रबरी पट्टी आहे का, ती मऊ आहे की तडकलेली, हे बोट फिरवून पाहावे. स्क्रू आवळल्यावर मूठ डुगडुगते का तेही पाहावे. पट्टीच नसेल तर खोक्यावर काहीही छापलेले असो, ती ग्रिप पावसाची नव्हे. आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : ‘आयपी आकडा किती?’ फोनवर आयपी ६८ असे असते. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ग्रिपवर असा आकडा सहसा नसतोच. मग निदान कंपनीच्या पुस्तिकेत पावसाबद्दल काय शब्द वापरले आहेत ते वाचावेत. भाचीला स्वस्त ग्रिपच्या कप्प्याला पट्टीच आढळली नाही. तिने कंपनीचीच, पण वापरलेली ग्रिप घेतली.

वापरलेल्या मालाला आता इलाजही नाही, कारण डीएसएलआरचा जमाना ओसरला. कॅननचा १डी-एक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी-६ हे दोन्ही २०२० चे. त्यांत तर ही मूठ अंगचीच, सांध्याचा प्रश्नच नाही. पेंटॅक्सने तेवढा २०२१ साली के-३ मार्क थ्री काढला आणि त्याला सील केलेली ग्रिपही दिली. जुनी ग्रिप घेताना रबराचे वय मात्र ध्यानात ठेवावे.

आणि ग्रिप पक्की असली तरी लेन्सच्या बुडाला रबरी कडे नसेल तर सारे मुसळ केरात. चांगल्या जुळणीने भुरभुर, झिमझिम आणि एखादी सर निभावते. झड लागली की प्लॅस्टिकचे आवरण घालावेच. सादळण्यावर तर सीलचा काही इलाज चालत नाही. त्यासाठी घरी आल्यावर कॅमेरा बाहेरून कोरडा पुसावा, मगच ग्रिप सोडवावी, कप्पा उघडा ठेवून वाळू द्यावा, आणि सारे सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. ग्रिपपायी काढलेले ते दार किंवा टोपण तेवढे आठवणीने जागेवर लावावे. बऱ्याच ग्रिपांत ते ठेवायला खाच असते, आणि ते तिथेच विसरले जाते.