रातांब्याच्या बीतलं लोणी

एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या अंगणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फुटू लागतात. सालीची आमसुलं होतात, आगळ बरणीत जातं, आणि बिया? त्या धुऊन उन्हात पसरायच्या.

कडकडीत वाळलेल्या बियांची टरफलं फोडून आतला गर बारीक वाटतात आणि पाण्यात रटारट उकळतात. तेल वर तरंगतं. ते काढून निवू दिलं की पांढरट, किंचित पिवळसर होत थिजतं. थिजता थिजताच ते मुठीत दाबून गोळे वळायचे. म्हणूनच सिंधुदुर्गात त्याला मुठेल म्हणतात. गोव्यात हेच भिरंडेल.

खोबरेल २५ अंशांच्या आसपास पातळ होतं. मुठेल मात्र वितळायला ३८ ते ४० अंश लागतात. भर उन्हाळ्यातही सावलीत ठेवलेला गोळा घट्टच राहतो. कारण त्यातल्या स्टिअरिक आम्लाचं भरपूर प्रमाण. गोळा विस्तवाशी जरा धरायचा आणि भेगाळलेल्या टाचेवर फिरवायचा, भेग मऊ पडते. थंडीत फुटलेल्या ओठांनाही तेच.

घट्ट राहण्याचा हाच गुण चॉकलेटवाल्यांनी हेरला. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज सहाच वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ चालतात, तेही ५ टक्क्यांपर्यंत. त्या सहांत पाम, शिया, साल वृक्ष, आंब्याची कोय यांच्याबरोबर आपलं कोकमही आहे. साबण आणि क्रीम बनवणारेही ते घेतात.

तरीही कितीतरी बागांत बिया उकिरड्यावर जातात. फोडणं, वाटणं, उकळणं हे सारं वेळखाऊ, आणि पाऊस तोंडावर आलेला. वाळवण भिजलं की बी कुबट होते, आणि मग त्यातून चांगलं तेल निघत नाही.