तिळाचं तेल आणि कोडची तपासणी

वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती आपल्याकडे वर्षानुवर्षं होती. चवीसाठी नव्हे, चोरी पकडण्यासाठी. साजूक तुपात कोणी वनस्पती मिसळलं, तर फरफ्युरल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब पडताच नमुन्याला गुलाबी-लाल रंग चढतो. तपासणीची सोय मालातच. सॉफ्टवेअरवाले याच गुणाला ‘टेस्टेबिलिटी’ म्हणतात.

गंमत अशी, की वनस्पतीचीच एक कंपनी पुढे सॉफ्टवेअरमध्ये शिरली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे आजची विप्रो, १९४५ च्या डिसेंबरात जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरमध्ये स्थापन झाली. १९६६ मध्ये संस्थापक वडील गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी कंपनी सांभाळायला स्टॅनफर्डहून परतले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी संगणकाकडे वळली.

तपासणीचा धडा तिने अमळनेरच्या तेलातूनच घेतला, असं म्हणणं मात्र ओढूनताणून होईल. तो आला जपानहून.

टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कामगार दोरी ओढतो. वेळीच निस्तरला नाही तर अख्खी लाइन थांबते. २००४ च्या सुमारास विप्रोने ही पद्धत सॉफ्टवेअरवर आजमावायला घेतली. आता तर हे सर्रास चालतं: कोणी कोड जोडला की यंत्र आपणहून बिल्ड करतं, टेस्ट चालवतं आणि काही बिघडलं तर लाल खूण दाखवतं. ती खूण डोळ्याआड करणारी टीम कितीही प्रमाणपत्रं भिंतीवर लावो, उपयोग शून्य.

विप्रोने वापरलेलं आणखी एक साधन म्हणजे ‘डिझाइन स्ट्रक्चर मॅट्रिक्स’. नाव भारदस्त, पण आहे साधा तक्ता. आडव्या-उभ्या रकान्यांत प्रोग्रामचे तेच भाग लिहायचे आणि कोण कोणावर अवलंबून, तिथे फुली मारायची.

समजा, धुळ्यातल्या एखाद्या जिनिंगचं सॉफ्टवेअर लिहायचंय. शेतकऱ्याच्या खात्याला कापसाचं वजन हवं, हे ठीक. पण कोणीतरी घाईत काट्याच्या पावतीवर रक्कमही छापायला लावली आणि काटा दरासाठी खात्यात डोकावू लागला. तक्त्यात समोरासमोर दोन फुल्या! आता एकाला हात लावला की दुसरा मोडणार. उपाय सोपा: काट्याने वजन आणि पावती क्रमांक तेवढा द्यावा, दर खात्याने पाहावा. मग उद्या दुसऱ्या कंपनीचा काटा बसवला, तरी खात्याच्या कोडची एक ओळही बदलावी लागत नाही.