लूट कोणाची, वाटा कोणाचा?



बायबलातील विषयावर बोलायला एखादे धर्मगुरू किंवा प्राध्यापक सोडून चालकांनी एका युनियनवाल्याला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. प्रश्न रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. मी ख्रिस्ती नाही आणि यहुदीही नाही. पण बायबलात एक विषय असा आहे की, तो माझ्या रोजच्या कामाला अगदी लागून आहे. तो विषय म्हणजे लूट आणि तिची वाटणी.

या विषयाशी माझी गाठ कशी पडली, ते आधी सांगतो. १९९८ च्या पावसाळ्यात एका कारखान्यात आमचा ५२ दिवसांचा संप झाला. करारात व्यवस्थापनाने एक ठोक रक्कम देऊ केली आणि ती कोणाकोणाला द्यायची याची यादी युनियनने करावी, असे ठरले. गेटसभेत तरुण मंडळी उठली. म्हणाली, जे भर पावसात गेटवर उभे राहिले त्यांनाच पैसे द्या. दुखण्याने घरी बसलेले, कचेरीत हिशेब ठेवणारे, संपकऱ्यांसाठी भाकऱ्या भाजणारे, यांना वाटा कशाला? खरे सांगायचे तर मलाही ते पटत होते. त्या संध्याकाळी आमचे एक वयस्क सहकारी कचेरीत आले. नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती गृहस्थ. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांनी मराठी बायबल माझ्यापुढे उघडून ठेवले आणि म्हणाले, "यादी करायच्या आधी एवढं पान वाच बाबा."

ते पान पहिल्या शमुवेलाच्या तिसाव्या अध्यायाचे होते. दावीद अजून राजा झालेला नाही. तो ६०० माणसे बरोबर घेऊन रानोमाळ फिरतो आहे. ही मंडळी बाहेर असताना अमालेकी टोळ्यांनी त्यांचे सिकलाग गाव जाळले आणि बायकामुले धरून नेली. दावीद पाठलागाला निघाला. बसोर ओढ्यापाशी २०० माणसे इतकी थकली की, त्यांच्याने ओढा ओलांडवेना. ती सामानापाशी थांबली. ४०० पुढे गेली, लढली, आपली माणसे सोडवून आणली आणि शत्रूची गुरेमेंढरेही घेऊन आली. परतल्यावर काहीजण म्हणाले की, हे मागे राहिले, यांना आपापली बायकापोरे द्यावीत आणि वाटेला लावावे. लुटीत यांचा वाटा नाही. दावीदाने ते मानले नाही. जो लढाईत उतरतो त्याचा जेवढा वाटा, तेवढाच सामान राखणाऱ्याचा, असा त्याने निर्णय दिला. आणि तो पुढे इस्राएलात कायमचा नियम झाला, असे ग्रंथकार सांगतो.

दुसऱ्या दिवशी आमची यादी बदलली. त्यानंतर मी ते पुस्तक खाली ठेवले नाही. लूट हा शब्द दिसेल तेथे खूण करीत गेलो. तेव्हा दिसून आले की, बायबलात लुटीबद्दल दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिला, लूट वाटायची कशी? आणि दुसरा, ती मुळात आली कोठून? पहिल्याचे उत्तर लवकर सापडते. दुसरा प्रश्न पुरता विचारला जायला फार काळ लागला.

आधी शब्द पाहू. आपण मराठीत सरसकट लूट म्हणतो. इंग्रजांनी तर हा शब्दच हिंदुस्थानातून उचलून नेला. मूळ हिब्रूत मात्र यासाठी अनेक शब्द आहेत. 'शालाल' म्हणजे लढाई जिंकल्यावर हाती आलेला माल. 'बाझ' म्हणजे ओरबाडून नेलेले. 'मल्कोआह' म्हणजे धरून आणलेले. यात गुरे येतात आणि माणसेही येतात. आणि 'हेरेम' म्हणजे जे देवाला वाहिले, म्हणून माणसाने ज्याला हात लावायचा नाही ते.

त्या काळच्या फौजांना महिन्याचा पगार नव्हता. लूट हाच पगार. सगळीकडे हीच रीत होती. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ. स. पूर्व ७०१ मध्ये यहूदातले लाखीश शहर घेतले आणि त्याचा देखावा आपल्या निनवे येथील राजवाड्यातल्या शिळांवर कोरवून घेतला. त्या शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. राजा सिंहासनावर बसला आहे आणि लाखीशची लूट व कैदी त्याच्यापुढून चालले आहेत. मवाबाचा राजा मेशा याचा शिलालेख १८६८ साली सापडला. तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मेशाने नबो हे इस्राएली गाव आपल्या दैवताला हेरेम म्हणून वाहिल्याची आणि तेथील ७,००० जीव मारल्याची फुशारकी मारली आहे. तेव्हा बायबलात जे आहे ते एकट्या इस्राएलाचे पाप किंवा पुण्य नव्हे.

आता वाटणीचा हिशेब पाहा. गणना या ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात मिद्यानी लोकांवरील स्वारीची लूट मांडली आहे. मेंढरे ६,७५,०००, गुरे ७२,०००, गाढवे ६१,०००. त्याचे दोन समान भाग केले. एक लढवय्यांना, एक घरी राहिलेल्या सर्व समाजाला. मग लढवय्यांच्या भागातून पाचशेस एक असा देवाचा अंश काढला आणि समाजाच्या भागातून पन्नासास एक असा लेव्यांना दिला. जीव धोक्यात घातला त्याच्यावर पट्टी हलकी, घरी राहिला त्याच्यावर दसपट. कोणत्याही युनियनच्या खजिनदाराने मान डोलवावी असा हा हिशेब आहे.

पण श्रोतेहो, त्या यादीत चौथी रक्कमही आहे. ३२,००० कुमारिका. त्यांचेही दोन भाग पडले, त्यांचाही अंश निघाला. त्यांचे बाप, भाऊ आणि आया मारल्या गेल्या होत्या. हिशेबात एका जिवाची चूक नाही. पण ज्यांची वाटणी झाली त्यांना कोणी काही विचारले नाही. तेथे मी अडलो. वाटणी न्यायाची असली म्हणून लूट न्यायाची होत नाही, हे मला त्या पानाने शिकवले. हे आकडे जसेच्या तसे इतिहास म्हणून घ्यावेत असे बहुतेक अभ्यासक मानीत नाहीत. यरीहोचे उदाहरण घ्या. तेथे कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात खणून पाहिले, तेव्हा यहोशवाच्या म्हणून मानलेल्या काळातला कोट सापडला नाही. पण कथा म्हणून लिहिणारा काय योग्य समजत होता, ते तर दिसतेच.

आणि त्याच धर्मशास्त्रात या विचाराला कोठे कोठे तडाही गेलेला दिसतो. अनुवाद या ग्रंथात धरून आणलेल्या स्त्रीसाठी नियम आहे: तिला आईबापांचा शोक करायला पुरा एक महिना द्यावा, आणि पुढे ती नकोशी झाली तर तिला मोकळी सोडावी, पैशाला विकू नये. आजच्या मोजमापाने हे फार थोडे आहे. पण मल्कोआहला आईबाप होते, एवढे तरी येथे कोणाच्या ध्यानात आले.

याहून जुन्या काळात घडलेली म्हणून सांगितलेली अब्रामाची गोष्टही अशीच. चार राजांनी सदोम लुटले आणि त्याच्या पुतण्याला, लोटाला, धरून नेले. अब्रामाने घरची ३१८ माणसे घेऊन सारे सोडवून आणले. सदोमचा राजा म्हणाला, माणसे मला दे, माल तू ठेव. अब्रामाने सुताचा तंतूही घेतला नाही. तुझ्यामुळे मी श्रीमंत झालो, असे उद्या तू म्हणशील, एवढेच कारण त्याने दिले. मात्र बरोबरच्या जवानांचे खाणे आणि तीन साथीदारांचा वाटा त्याने सोडला नाही. स्वतःचा त्याग दुसऱ्याच्या ताटातून करायचा नसतो, हे पुष्कळ पुढाऱ्यांना अजून शिकायचे आहे.

मिसरची गोष्ट सर्वांत प्रसिद्ध. गुलामीतून निघताना इस्राएली लोकांनी मिसरी शेजाऱ्यांकडून सोन्यारुप्याचे दागिने व कपडे मागून घेतले. ग्रंथ स्पष्ट म्हणतो की त्यांनी मिसरी लोकांना लुटले. हे देवाच्या लोकांना शोभले काय, असा वाद पुढे शतकानुशतके चालला. यहुद्यांच्या तालमुदात याचे एक सुंदर उत्तर आहे. मिसरी लोक अलेक्झांडरपुढे फिर्याद घेऊन आले: आमचे सोने परत द्या. तेव्हा गेबिहा बेन पेसिसा नावाचा माणूस यहुद्यांच्या बाजूने उभा राहिला. तो म्हणाला की, सहा लाख माणसांनी तुमच्याकडे ४३० वर्षे राबून काढली. आधी त्यांची मजुरी चुकती करा. फिर्यादींनी तीन दिवसांची मुदत मागितली आणि उत्तर न सुचून ते पळाले. थकलेल्या मजुरीचा दावा याहून नेमका मी कोणत्याही कामगार न्यायालयात ऐकलेला नाही. लूट कोणती आणि येणे कोणते, हे ठरवायचे तर वही मागे किती पाने उलटायची, हा खरा प्रश्न आहे.

ती वही संदेष्ट्यांनी उलटली. आमोस हा तकोवाचा मेंढपाळ. इ. स. पूर्व आठव्या शतकात तो शोमरोनच्या धनिकांना सांगतो की, तुमच्या वाड्यांत साठले आहे ते धन नव्हे, जुलूम आणि लूट आहे. त्याच शतकातला यशया अन्यायाचे कायदे लिहिणाऱ्यांना धिक्कारतो. कारण त्या कायद्यांनी विधवा ही त्यांची लूट होते आणि पोरकी पोरे नागवली जातात. आपण येथे थोडे थांबू. शब्द तोच आहे, शालाल आणि बाझ. पण आता रणांगण नाही, तलवार नाही, परका शत्रू नाही. लुटणारा आपल्याच गावचा, आणि हत्यार आहे लेखणीचे. यशयाने तर आपल्या मुलाचे नावच महेर-शालाल-हाश-बाझ ठेवले. लूट झपाट्याने येत आहे, असा त्याचा भावार्थ.

यानंतरची पायरी परत करण्याची. नबुखद्नेस्सराने यरुशलेमच्या मंदिरातून नेलेली पात्रे इराणच्या कोरेश राजाने परत दिली. एज्राच्या ग्रंथात त्यांची बेरीज ५,४०० दिली आहे. आणि नव्या करारात जक्कय नावाचा जकातदार भेटतो. येशू घरी आल्यावर तो म्हणतो की, माझे अर्धे धन मी गरिबांना देतो, आणि कोणाचे लबाडीने घेतले असेल तर चौपट परत करतो. दावीदापासून येथवर आलो म्हणजे अंतर ध्यानात येते. दावीदाने वाटा समान केला. जक्कयाने ज्याचे त्याला परत दिले.

आता माझ्या यादीकडे वळतो. आम्ही समान वाटणी केली, अण्णांनी पाठ थोपटली, मीही खूष होतो. पुढे काही वर्षांनी तो करार पुन्हा वाचला. त्यात एक कलम होते: कँटीन ठेकेदाराकडे द्यायचे. अकरा पोरे होती तेथे. ती ठेकेदाराकडे गेली, पगार निम्म्यावर आला. आमच्या रकमेचा काही भाग तेथून निघाला होता. आमच्या यादीत त्यांची नावे नव्हती, कारण ती आमची सभासद नव्हती. त्या कलमाखाली माझी सही आहे.

बसोर ओढ्याच्या गोष्टीत एक माणूस मी मुद्दामच मघाशी सांगितला नाही. दावीदाच्या माणसांना वाटेत रानात एक मिसरी तरुण सापडला. तो अमालेक्याचा गुलाम. आजारी पडला म्हणून धन्याने टाकून दिलेला, तीन दिवस अन्नपाण्यावाचून पडलेला. त्याला त्यांनी भाकरी, अंजिराची ढेप, मनुका दिल्या. त्यानेच पुढे शत्रूचा तळ दाखवला. त्याने एवढेच मागितले की, मला मारू नका आणि माझ्या धन्याच्या हाती देऊ नका. लढणाऱ्या ४०० जणांना वाटा मिळाला, सामान राखणाऱ्या २०० जणांना मिळाला. त्या तरुणाला काय मिळाले, ते ग्रंथात लिहिलेले नाही.

माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी आता एवढेच सांगतो. करार झाला की वाटणीची यादी जरूर करा, आणि ती समान करा. पण तिच्या आधी दुसरी एक यादी करा: हे पैसे कोणाच्या ताटातून आले?