पाण्यात वजन किती सोडावे?
गळ आणि जाळ्याच्या भारामागील साधे शास्त्र

सातारा/सांगली : कऱ्हाडच्या प्रीतिसंगमापासून हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमापर्यंत नदीकाठच्या भोई बांधवांचा हात पाण्याचा अंदाज घेण्यात तरबेज असतो. जाळ्याला किती शिसे बांधावे, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मात्र अलीकडे हौस म्हणून गळ घेऊन लहान होडीतून जलाशयात उतरणाऱ्या शहरी मंडळींची याच ठिकाणी गफलत होते. वजन कमी पडले की गळ वरच राहतो आणि जास्त झाले की होडीच डगमगते. या वजनामागचे गणित समजून घेतले, तर मासाही गवसतो आणि धोकाही टळतो.

मासा कोणत्या थरात?

वजन ठरविण्यापूर्वी गळ कोठे पोहोचवायचा, हे ठरवावे लागते. आपल्या जलाशयांतील तीन प्रमुख माशांनी पाण्याची जणू वाटणीच करून घेतली आहे. कटला वरच्या थरातील सूक्ष्म जीवांवर जगतो, रोहू मधल्या थरात वावरतो, तर मृगळ तळाशी अन्न शोधतो. म्हणजे कटल्यासाठी जड वजन निरुपयोगी आणि मृगळासाठी हलके वजन व्यर्थ. उन्हाळ्यात खोल जलाशयांच्या तळाशी प्राणवायू कमी होऊ शकतो. अशा वेळी मासे वर सरकतात. त्यामुळे 'जितके खोल, तितका मोठा मासा' ही समजूत नेहमीच खरी ठरत नाही.

अमेरिकेतील युक्ती

अमेरिकेतील मिशिगन सरोवरात 1966 मध्ये पॅसिफिक महासागरातील सॅमन मासे सोडण्यात आले. उन्हाळ्यात हे मासे खोल, थंड पाण्यात जातात. त्यांच्यापर्यंत गळ नेण्यासाठी तेथे 'डाउनरिगर' या साधनाचा प्रसार झाला. होडीच्या काठावर छोटा रहाट, त्यावर पोलादी तार आणि तारेच्या टोकाला साधारण दोन ते साडेपाच किलोचा गोळा, अशी त्याची रचना असते. गळाची दोरी एका चिमट्याने या तारेला अडकवितात. मासा लागताच चिमटा सुटतो आणि गोळ्याचे ओझे न बाळगता मासा ओढता येतो.

होडी चालू असताना पाणी हा गोळा मागे रेटते. वेग दुप्पट झाला, की हा रेटा सुमारे चौपट होतो. म्हणूनच दोर तिरपा होतो आणि गोळा वर येतो. 20 मीटर दोर सोडला आणि तो उभ्या रेषेपासून 30 अंश कलला, तर गोळा सुमारे 17 मीटरवर असतो. 45 अंशांत तो 14 मीटरवर येतो आणि 60 अंशांत अवघ्या 10 मीटरवर. हा हिशेब दोर सरळ आहे असे धरून केलेला आहे. दोर फार कलला, तर आधी होडीचा वेग कमी करावा. त्यानेही भागले नाही, तरच वजन वाढवावे.

शिसे, लोखंड की दगड?

आर्किमिडीजचा सिद्धान्त शाळेत सर्वांनीच घोकलेला असतो. वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितके तिचे वजन पाण्यात घटते. एक किलो शिसे पाण्यात सुमारे 910 ग्रॅम भरते, एक किलो लोखंड सुमारे 870 ग्रॅम, तर सह्याद्रीचा एक किलो काळा पाषाण जेमतेम 650 ग्रॅम. म्हणजे एक किलो शिशाचे काम करण्यास सव्वा नव्हे, तर सुमारे 1.4 किलो दगड लागतो. शिवाय हा दगड आकाराने शिशाच्या पाचपटींहून मोठा असल्याने प्रवाहाचा रेटाही अधिक घेतो. धोम, कण्हेरच्या संथ पाण्यात दगड चालून जातो. वाहत्या कृष्णेत तो टिकत नाही. लोखंड मात्र दोन्हीकडे शिशाच्या जवळपास पोहोचते.

शिशाचे विष

लोखंडाचा विचार करण्यास आणखी एक गंभीर कारण आहे. शिसे केवळ 327 अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे जुन्या बॅटऱ्यांतील शिसे घरच्या चुलीवर वितळवून गोळ्या ओतण्याचा मोह होतो. हे शिसे धूर आणि धुळीवाटे शरीरात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नदीत तुटून पडलेल्या गोळ्या पाणपक्षी खडे समजून गिळतात. राजहंसांचे असे मृत्यू लक्षात आल्यावर ब्रिटनने गळाच्या लहान शिसेगोळ्यांच्या विक्रीवर 1987 पासून बंदी घातली. आपल्याकडे निदान घरात शिसे वितळविणे बंद झाले, तरी मोठे काम होईल. गोळ्या हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि त्या दातांनी न दाबणे, एवढी काळजी तर प्रत्येकाला घेता येईल.

होडीचा तोल महत्त्वाचा

लहान होडीत वजन निवडताना शेवटचा निकष माशाचा नसून माणसाचा आहे. कोयनेसारख्या जलाशयाच्या पोटात बुडालेल्या गावांचे अवशेष आहेत. त्यात गोळा अडकला आणि होडी पुढे जात राहिली, तर काठ खाली दबून पाणी आत शिरते. म्हणून होडीला सहज पेलेल एवढेच वजन घ्यावे, ते शक्यतो मागच्या बाजूने सोडावे आणि दोर तत्काळ कापता यावा यासाठी सुरी हाताशी ठेवावी. अंगात जीवरक्षक जाकीट हवेच. धरणातून विसर्ग सुरू असताना नदीत उतरू नये. कोयना आणि चांदोलीचा मोठा परिसर 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तेथे जाण्यापूर्वी वन विभागाकडे, तर अन्य जलाशयांवर मत्स्यव्यवसाय विभागाकडे परवानगीची चौकशी करावी.

आधी थर, मग प्रवाह, नंतर धातू आणि सर्वांत शेवटी वजनाचा आकडा, असा हा क्रम आहे. आकडा ठरविताना शंका आली, तर हलके वजन निवडून होडी सावकाश हाकावी, हेच शहाणपणाचे.