डावीकडे वळायचंय? मग हँडल आधी उजवीकडे!

तर मंडळी, चालत्या सायकलवर डावीकडे वळायचं असेल तर हँडल कुठे फिरवायचं? डावीकडे, असंच म्हणाल. पण आधी ते किंचित उजवीकडे जातं. इतकं किंचित, की चालवणाऱ्यालाही पत्ता लागत नाही.

तळहातावर काठी उभी धरून बघा. ती डावीकडे झुकवायची तर हात आधी उजवीकडे सरकवावा लागतो. सायकलचं तेच. चाकं उजवीकडे सरकली की वरचं अंग डावीकडे कलतं, आणि मग हँडल डावीकडे वळवून आपण तो कल सांभाळतो. ताशी २० किलोमीटर वेगाने ८ मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं तर साधारण २१ अंश कलावं लागतं. न कलता नुसतं हँडल वळवलं, तर चाकं वळतात आणि आपण बाहेरच्या बाजूला आपटतो.

फिरत्या चाकांमुळेच सायकल उभी राहते, असं ऐकलंय ना? डेव्हिड जोन्स या गृहस्थाने पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं चाक बसवून तो परिणाम पुसून टाकला (लेख १९७०चा). तरी सायकल त्याला आरामात चालवता आली. भारी माणूस!

आता कामाचं. डांबराच्या अगदी डाव्या काठावरून चाललोय आणि मागून ट्रकचा हॉर्न वाजला. घाबरून आणखी कडेला गेलो की फसलो. कारण तिथून उजवीकडे यायला चाक आधी थोडं डावीकडे जायला हवं, आणि डावीकडे तर खडी! म्हणून मी काठापासून दोन-तीन फूट सोडूनच चालवतो, हॉर्न कितीही वाजू दे.